शेडमध्ये उभी असलेली जुनी येझदी पुन्हा चालू करायची तर इंजिनात नेमकं काय-काय करावं लागतं?

शिरूरहून न्हावरे, चौफुला करत दौंडकडे निघालं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस आणि उसाच्या आडोशाला वस्त्या लागतात. अशा एखाद्या वस्तीवर कांद्याच्या बराकीमागं किंवा गोठ्याच्या कडेला ताडपत्रीखाली जुनी गाडी उभी असते. कुणाची राजदूत, कुणाची बुलेट, कुणाची येझदी. आजोबांनी नाहीतर वडिलांनी घेतलेली, आणि कित्येक वर्षांत तिला किक बसलेली नाही. भंगारवाला ती वजनावर मागतो, आणि तेवढ्यात घरातलं एखादं पोरगं म्हणतं, द्यायची नाही, इंजिन बांधू.

'इंजिन बांधणं' हा गॅरेजमधला शब्द. इंजिन चॅसीवरून उतरवायचं, पूर्ण खोलायचं, झिजलेलं बदलायचं आणि परत जोडायचं, असा त्याचा अर्थ. हे घरच्या शेडमध्ये होतं का? बरंचसं होतं. पण दोन-तीन कामं अशी आहेत, की ती घरी करायला गेलं तर इंजिन तर जातंच, वर गाडी कागदावरूनही जाऊ शकते. जावा-येझदीच्या इंजिनावरून हे सगळ्यात सोपं समजतं.

ही गाडी आली कुठून?

जावा ही मूळची चेकोस्लोव्हाकियातली कंपनी, १९२९ साली सुरू झालेली. यानेचेक आणि वांडरर या दोन नावांची पहिली अक्षरं जोडून 'जावा' झालं. मुंबईत रुस्तम इराणी या गाड्या बाहेरून मागवून विकायचे. पुढं फारुख इराणींच्या पुढाकारानं म्हैसूरला 'आयडियल जावा' हा कारखाना उभा राहिला आणि १९६१ पासून गाड्या तिथंच बनू लागल्या. १९७३ पासून टाकीवर 'येझदी' हे नाव आलं, ते इराणमधल्या यझ्द शहरावरून. १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. आज शोरूममध्ये दिसणाऱ्या नव्या जावा-येझदी फोर स्ट्रोक आहेत. नाव तेच असलं, तरी इंजिनाचं नातं नाही.

जुनं इंजिन २४८.५ सीसीचं, टू स्ट्रोक, एकच सिलिंडर. पिस्टनचा व्यास ६५ मिमी आणि तो वर-खाली फिरतो ७५ मिमी. एका सिलिंडरला दोन सायलेन्सर. किक मारायची दांडी आत दाबून फिरवली की तीच गिअरची दांडी होते, त्यामुळं पहिल्यांदा बसणारा माणूस हमखास गोंधळतो.

टू स्ट्रोक इंजिनात व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही, टॅपेट नाहीत. सिलिंडरच्या भिंतीला असलेली भोकं म्हणजे पोर्ट, पिस्टनच ती उघडतो आणि झाकतो. हलणारे भाग मोजके, म्हणून घरी बांधायला हे इंजिन बुलेटपेक्षा सोपं म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. बुलेटचा गिअरबॉक्स वेगळा असतो. येझदीत क्रँक आणि गिअर एकाच केसमध्ये बसतात. त्यामुळं नुसत्या क्रँकच्या बेअरिंगसाठीही सगळं पोट उघडावं लागतं.

पाना हातात घेण्याआधी नंबर बघायचा

इंजिनाचं बाहेरचं ॲल्युमिनियमचं कवच म्हणजे क्रँककेस, गॅरेजच्या भाषेत नुसतं 'केस'. त्यावर इंजिन नंबर ठोकलेला असतो. तो आणि चॅसीवरचा नंबर आरसी बुकातल्या नंबरांशी जुळतो का, हे सगळ्यात आधी बघायचं. जुळत नसेल, तर मेहनत करण्याआधी विचार करावा.

खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढं दर ५ वर्षांनी फॉर्म २५ भरून, गाडी दाखवून ती वाढवावी लागते. तपासणीत इन्स्पेक्टर दोन्ही नंबर बघतो, अनेकदा कागद ठेवून पेन्सिलनं घासून त्यांचा छापही घेतला जातो. शिरूरकरांना यासाठी पुणे आरटीओ, म्हणजे एमएच-१२, आणि दौंडकरांना बारामती, एमएच-४२. जुन्या आरसी बुकाची नोंद संगणकात नसेल, तर आधी 'बॅकलॉग एंट्री' करून घ्यावी लागते. आणि गाडी वारलेल्या वडिलांच्या नावावर असेल, तर वारसानं फॉर्म ३१ भरून ती स्वतःच्या नावावर करावी लागते. घराघरात हेच काम राहून गेलेलं असतं. पोरगं पिस्टन शोधत फिरतं आणि बुक आजोबांच्या नावावर पेटीत पडून असतं.

आता नंबर केसवरच का महत्त्वाचा? पिस्टन, रिंगा, बेअरिंग, सील, सगळं बदललं तरी गाडी तीच राहते. केस फुटली आणि दुसरीकडची टाकली, की इंजिन नंबर बदलला. मग ती नोंद आरटीओकडून करून घेतल्याशिवाय गाडी कायदेशीर नाही. म्हणून हे काम करताना एकच गोष्ट जपायची, ती म्हणजे केस.

जाम इंजिनाला किक मारायची नाही

खूप दिवस उभ्या इंजिनात रिंगा गंजून सिलिंडरला चिकटतात. गाडी जाम आहे म्हणून दोघांनी मिळून किकवर उभं राहिलं, तर रिंग तुटते, पोर्टची कड उडते, नाहीतर किकचे दाते जातात. त्याऐवजी प्लग काढून त्या भोकातून डिझेल आणि इंजिन ऑइल समसमान ओतायचं आणि चार-पाच दिवस विसरून जायचं. रोज गाडी गिअरमध्ये टाकून चाक हलकेच मागं-पुढं करून बघायचं. बहुतेक वेळा सुटतं. तोवर सायलेन्सर आणि कार्ब्युरेटर बघून घ्यावेत. त्यात कुंभारीण माशीची मातीची घरटी आणि उंदरांनी कोंबलेल्या चिंध्या निघतात.

खोलताना प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो काढायचा. स्क्रू ठेवायला अंड्याचे ट्रे उत्तम, एका खाचेत एका झाकणाचे स्क्रू. जुने चपट्या खाचेचे स्क्रू अडकले, तर इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरावा. साध्या स्क्रू ड्रायव्हरनं खाच एकदा बसली, की पुढं छिन्नी येते, आणि छिन्नी थेट केसवर चालते. डायनमोचा रोटर आणि क्लचही पुलर लावूनच काढायचे.

केसचे दोन भाग असतात, डावा आणि उजवा, कारखान्यात जोडीनंच घडवलेले. ते एकमेकांना चिकटून बसलेले असतात आणि मोह होतो तो मध्ये स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटायचा. नेमकं तिथंच इंजिन मरतं. टू स्ट्रोकमध्ये केस ही नुसती पेटी नाही, ती पंपाचं काम करते. पिस्टन वर गेला की केसमध्ये पेट्रोल-हवा ओढली जाते, खाली आला की तीच दाबून वर सिलिंडरमध्ये ढकलली जाते. जोडाच्या कडेवर पडलेला एक खोल ओरखडा पुढं आयुष्यभर हवा ओढत राहतो. लाकडी हातोडीनं शाफ्टच्या टोकांवर हलके ठोके देत दोन्ही भाग सारखे सरकवायचे, दुसरा उपाय नाही.

बेअरिंग काढायचं ते उष्णतेनं. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. ६० मिमीचं भोक ८० अंशांनी तापवलं, तर ते सुमारे ०.११ मिमीनं मोठं होतं आणि बेअरिंग ठोका न देता हातात येतं. त्यासाठी केस स्वच्छ करून शेगडीवर जाड लोखंडी तवा ठेवून त्यावर सावकाश तापवतात. पाण्याचा थेंब टाकल्यावर चर्र आवाज आला की पुरे. पेट्रोलनं धुतलेली केस पूर्ण वाळायच्या आत आगीजवळ न्यायची नाही, हे सांगायची गरज नसावी, पण शेडमध्ये आग लागते ती अशीच. नवं बेअरिंग बसवताना ते रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवायचं आणि केस पुन्हा तापवायची.

क्रँक आणि बोअर: ही कामं घरची नाहीत

येझदीचा क्रँक दोन जड चकत्या आणि मधली पिन दाबून जोडलेला असतो. कनेक्टिंग रॉड खालच्या टोकाला वर-खाली हलत असेल, तर रॉड, पिन आणि रोलरचा संच बदलायचा. याला हायड्रॉलिक प्रेस लागतो. बसवल्यावर दोन्ही बाजूंचे शाफ्ट एका रेषेत आहेत का, ते डायल गेजवर तपासावं लागतं. फरक मिलिमीटरच्या दोन-तीन शतांशात असावा. डोळ्याला हे दिसत नाही. डगमगता क्रँक नवी बेअरिंगही लवकर खातो आणि त्याचा हादरा थेट हँडलला जाणवतो.

शिरूर, दौंडसारख्या तालुक्याच्या गावात मोटारपंपाचे शाफ्ट करणारा लेथवाला मिळतो आणि तो कामाला वाकबगारही असतो. पण क्रँकसाठी विचारायचा प्रश्न एकच, 'डायल लावून दाखवणार का?' नाही म्हणाला, तर पुणे किंवा नगर गाठावं. सुट्या भागांसाठी पुण्यात नाना पेठ आहे. बुधवार-रविवारी मंगळवार पेठेत जुना बाजार भरतो, तिथं मूळ भाग कधीतरी हाती लागतात. दौंडकर ते काम रेल्वेनं जाऊन एका दिवसात उरकू शकतात.

सिलिंडर झिजला असेल, तर मशीनवर बोअर मारून थोडा मोठा पिस्टन टाकतात. ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १ मिमी अशा पायऱ्या असतात. प्रत्येक बोअर म्हणजे एक पायरी कमी. आधीच्या मिस्तरीनं घाईत थेट १ मिमीवर नेलेला सिलिंडर हा अशा गाडीतला सगळ्यात मोठा तोटा असतो, कारण पुढं उरतं ते फक्त नवीन लायनर टाकणं. तेव्हा आधी पिस्टन विकत घ्यायचा, तो लेथवाल्याच्या हातात द्यायचा आणि मगच त्या पिस्टनच्या मापानं बोअर मारून घ्यायचा. उलटं करायचं नाही.

बोअर मारून आलेल्या सिलिंडरच्या पोर्टच्या कडा ब्लेडसारख्या धारदार होतात. त्या बारीक दगडानं किंचित मोडाव्या लागतात, नाहीतर रिंग त्यात अडकून तुटते. हे दहा मिनिटांचं काम सर्रास विसरलं जातं. रिंगेच्या खोबणीत छोटी पिन असते, रिंगेचं तोंड त्या पिनेवरच यायला हवं. रिंग नुसती सिलिंडरमध्ये सरकवून तोंडातली फट फिलर गेजनं मोजायची. ६५ मिमीच्या बोअरला साधारण पाव मिलिमीटर किंवा थोडी जास्त चालते. पिस्टनवरचा बाण सायलेन्सरच्या बाजूला.

रक्तदाबाचं यंत्र कशाला?

क्रँकच्या दोन्ही टोकांना रबरी ऑइल सील असतात. वापर असो-नसो, ते वयानं कडक होतात. क्लचच्या बाजूचं सील गेलं, की गिअरबॉक्समधलं ऑइल इंजिनात ओढलं जातं, गाडी पांढरा धूर सोडते आणि गिअर ऑइल आपोआप कमी होतं. डायनमोच्या बाजूचं गेलं तर जास्त वाईट. तिथून हवा शिरते, पेट्रोलचं प्रमाण कमी पडतं, इंजिन आपोआप रेस होतं आणि एके दिवशी पिस्टन वितळतो.

हे सगळं गाडी चालू करण्याआधी कळू शकतं. इंजिन बांधून झालं, की कार्ब्युरेटर आणि सायलेन्सरची तोंडं सायकलच्या ट्यूबचं रबर आणि पत्र्याची पट्टी लावून घट्ट बंद करायची. प्लगच्या भोकात नळी बसवून रक्तदाब मोजायच्या जुन्या यंत्राच्या फुग्यानं आत हवा भरायची. ३०० मिमी पाऱ्यापर्यंत, म्हणजे सुमारे ६ पीएसआय, त्याहून जास्त नाही. काटा मिनिटभर जवळपास तिथंच थांबला तर काम चोख. झपाट्यानं उतरला, तर साबणाचं पाणी लावायचं. बुडबुडे येतील तिथं गळती. हवा भरायचा कॉम्प्रेसर मात्र लावू नये, त्या दाबानं नवी सीलं जागेवरून उडतात.

पेट्रोल आता पूर्वीचं नाही

या इंजिनाला वंगण मिळतं ते पेट्रोलमध्ये मिसळलेल्या टू टी ऑइलमधून, लिटरला साधारण ४० मिली. नव्यानं बांधलेल्या इंजिनाला सुरुवातीला थोडं जास्त देतात. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते आसपासच्याच उसाच्या पट्ट्यातलं असलं, तरी या गाडीला मानवत नाही. जुनं रबर त्यानं फुगतं, ते हवेतली ओल धरतं, आणि त्याच जेटवर गाडी जरा कोरडी चालते. म्हणून पाइप, कॉकचं वॉशर आणि कार्ब्युरेटरमधली रबरं इथेनॉल सोसणारी घ्यायची, जेट गरजेनुसार एक नंबर मोठा. गाडी महिनाभर उभी राहणार असेल, तर टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामा करायचा.

'व्हिंटेज' नंबर घ्यावा का?

जुलै २०२१ मध्ये केंद्रानं व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली आणि मूळ स्वरूपात ठेवलेली दुचाकी त्यात बसते. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, पुढं नूतनीकरण ५,००० रुपये, मुदत १० वर्षं. पण या नंबराची गाडी रोजच्या वापरासाठी नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशा कामांपुरतीच ती रस्त्यावर आणता येते. चॅसी किंवा इंजिनात मोठे बदल केलेले असतील, तर ती बसतच नाही. शिवाय वयाच्या अटीत फक्त जावा आणि सुरुवातीच्या येझदी येतात, १९७८ नंतरची रोडकिंग अजून लांब आहे. ज्याला गाडीवरून शेतावर किंवा बाजाराला जायचं आहे, त्यानं साधी नोंदणीच वाढवून घेतलेली बरी.

पहिली किक

पॉइंटची फट ०.४ मिमी, टायमिंग कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे, गिअर ऑइल भरलेलं. पहिल्यांदा सुरू झाल्यावर निळा धूर येणारच, बांधताना लावलेलं ऑइल जळतं त्याचा तो असतो. दोन-तीन मिनिटं चालवून बंद करायची आणि पूर्ण थंड होऊ द्यायची. मग हेडचे नट पुन्हा तपासायचे. असं तीन-चार वेळा केल्यावरच रस्त्यावर काढायची, आणि पहिले काही शे किलोमीटर अर्ध्या थ्रॉटलच्या वर जायचं नाही. चढाला टॉप गिअरमध्ये रेटायची नाही.

पन्नासेक किलोमीटरनंतर प्लग काढून बघायचा. टोक विटकरी-तपकिरी असेल तर ठीक. काळं आणि ओलं असेल तर पेट्रोल किंवा ऑइल जास्त होतंय. पांढरं फटक असेल तर गाडी तिथंच थांबवायची आणि रक्तदाबाचं यंत्र पुन्हा बाहेर काढायचं.