मोट, हापसा आणि चामड्याची कड

पनवेलपासून सोलापूरपर्यंतचा प्रदेश मुख्यतः काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे. खडकातील भेगांत साठणारे पाणी उन्हाळ्यात आटते. अशा प्रदेशात पाणी उपसण्याचा इतिहास बऱ्याच अंशी चामड्याचा इतिहास होय. याकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. मोटेची सोंड फाटली की गळती डोळ्यांना दिसे आणि गावचा कारागीर बलुत्यावर ती शिवून देई.

1967 पासून युनिसेफच्या साहाय्याने कठीण खडक भेदणारी यंत्रे भारतात आली आणि विंधनविहिरींबरोबर हापसा गावोगावी पोहोचला. ‘हापसणे’ या क्रियापदाशी जोडलेले हे नाव ‘हातपंप’ या सरकारी शब्दाहून लोकांत अधिक रुजले. त्याच्या नळकांड्यात, खोल पाण्याखाली, दट्ट्यावर चामड्याच्या वाट्या बसविलेल्या असत. लोकभाषेत हाच ‘वायसर’. दट्ट्या वर येताना वरील पाण्याच्या भाराने वाटीची कड फाकून नळकांड्याला घट्ट भिडते. खाली जाताना ती सैल पडते. गळती रोखणारा जोर पाणीच पुरविते. यंत्राच्या फिरत्या दांड्यावरील ऑइल सील याच कुळातले, फक्त तेथे कडेला बहुधा स्प्रिंगचा आधार असतो.

1974 च्या पाहणीत सुमारे तीन-चतुर्थांश हापसे बंद आढळले. याचा सगळा दोष वायसरवर टाकणे न्याय्य नव्हे. ओतीव लोखंडाचे वरचे भागही वारंवार मोडत. तो दोष जालना व सोलापूर येथील मिशनांशी संबंधित कारागिरांनी पोलादी रचनेने बराच दूर केला. सोलापूरच्या नमुन्यावरून ‘इंडिया मार्क दोन’ घडला. वाट्या मात्र चामड्याच्याच राहिल्या. नळ 32 मिलिमीटरचा आणि नळकांडे 63.5 मिलिमीटरचे, त्यामुळे झिजलेली एक वाटी बदलण्यासाठी सगळे नळ उपसावे लागत. ते काम गावाच्या आवाक्याबाहेरचे होते. फिरते पथक येईपर्यंत बायकांना पुन्हा दूरची विहीर गाठावी लागे.

1983 पासून कोइमतूर येथे झालेल्या चाचण्यांत नायट्राइल रबराच्या वाट्या चामड्याहून अधिक टिकल्या. या यशाचे श्रेय बहुधा रबराला दिले जाते. परंतु ‘मार्क तीन’मधील रुंद नळाचे महत्त्व त्याहून अधिक मानावे लागेल. त्यातून दट्ट्या वरूनच काढता येतो आणि थोडे शिक्षण घेतलेल्या गावकऱ्यास वायसर स्वतः बदलता येतो. मोटेच्या काळी गावाच्या हाती असलेली दुरुस्ती अशा रीतीने पुन्हा गावाकडे येऊ शकत होती. पण रुंद नळ जड व महाग पडला, आणि बहुतेक ठिकाणी ‘मार्क दोन’च कायम राहिला.