अतिक्रांतिक दाबाखालील अभिसरण : संज्ञा आणि प्रत्यय

वैशाखात नंदुरबारचे तापमान ४० अंशांच्या वर जाते. अशा दिवशी तेथील एखाद्या कचेरीत ठेवलेल्या, कार्बन डाय-ऑक्साइडने भरलेल्या अग्निशामक नळकांड्यात द्रव आणि बाष्प असे दोन भाग उरत नाहीत. या पदार्थाचे क्रांतिक तापमान सुमारे ३१ अंश सेल्सिअस व क्रांतिक दाब सुमारे ७३ वातावरणे आहे. दोन्ही सीमा ओलांडल्या गेल्यावर उरतो तो एकजिनसी द्रायू. त्यास धड द्रवही म्हणता येत नाही, धड वायूही नाही.

ही अवस्था प्रथम ओळखली गेली ती कानाने. १८२२ मध्ये कान्यार द ला तूर याने तोफेच्या बंद नळीत द्रव व गारगोटीची गोळी घालून ती तापविली आणि गोळीच्या घरंगळण्याचा आवाज ऐकला. विशिष्ट तापमानास तो आवाज पालटला. वस्तू सापडली, पण तिला नाव नव्हते. १८४४ मध्ये फॅरडेने व्ह्यूएलकडे शब्द मागितला. मेंडेलेएव्हने १८६१ च्या सुमारास ‘निरपेक्ष उत्कलन तापमान’ असा प्रयोग केला; १८६९ मध्ये अँड्र्यूजने कार्बन डाय-ऑक्साइडवरील प्रयोगांच्या आधारे दिलेली ‘क्रिटिकल’ ही संज्ञा टिकली. मराठीतील ‘क्रांतिक’ हा शब्द तिचा प्रतिशब्द होय. क्रांती म्हणजे उलथापालथ हा अर्थ आधुनिक. संक्रांती, क्रांतिवृत्त या शब्दांत ओलांडण्याचा जुना अर्थ शिल्लक आहे, आणि येथे तोच अधिक नेमका लागू पडतो.

मेंडेलेएव्हच्या संज्ञेत मात्र एक गफलत दडलेली होती. क्रांतिक दाबापलीकडे उत्कलन संभवतच नाही. पाण्याच्या बाबतीत ही सीमा सुमारे २१८ वातावरणे व ३७४ अंश अशी आहे. बुडबुडे नाहीत, म्हणून बुडबुड्यांच्या पडद्याने नळीची भिंत कोरडी पडून जळण्याचे भयही नाही, अशी अपेक्षा साहजिकच होती. अमेरिकेतील ओहायो राज्यात फायलो येथे १९५७ मध्ये १२५ मेगावॉटचा अतिक्रांतिक संच चालू झाला. त्यानंतर थोड्याच वर्षांनी, १९६३ मध्ये, सोव्हिएत संशोधक शित्समान याने उभ्या नळीतून वर जाणाऱ्या पाण्यावरील आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. उष्णतेचा मारा प्रवाहाच्या मानाने जास्त झाला की नळीच्या एखाद्या भागात भिंतीचे तापमान एकाएकी चढत होते. जी आपत्ती गेली असे वाटले, ती बुडबुड्यांवाचूनच परत आली होती. ‘आभासी उत्कलन’ हे तिला मिळालेले एक नाव. अ‍ॅकरमनच्या १९७० च्या निबंधाच्या शीर्षकातच ते आढळते. जुन्या शब्दाचा मोह सुटत नाही तो असा.

कारण उत्कलनात शोधण्याची गरज नव्हती. क्रांतिक दाबाच्या वर प्रत्येक दाबास एक असे तापमान असते की ज्याच्या आसपास विशिष्ट उष्णता शिखर गाठते आणि घनता झपाट्याने घसरते. २५० बारला पाण्याचे हे तापमान ३८५ अंशांच्या जवळपास येते. भिंतीलगतचा थर ते आधी ओलांडतो, हलका होतो व वर धावतो. त्याचा आणि मधल्या प्रवाहाचा वेग जवळजवळ समान झाला की ज्या वेगभेदावर संक्षोभ पोसला जातो तोच नाहीसा होतो, आणि भिंतीची उष्णता आत वाहून नेणारे काही राहत नाही. मँचेस्टर येथील हॉल व जॅक्सन यांनी १९६९ मध्ये ही उपपत्ती मांडली. प्रवाह खाली जात असेल तर हाच प्लावक रेटा अभिसरणास साह्य करतो, हे तिचे बळकट प्रमाण होय. आतून आटे पाडलेल्या नळ्यांनी ही आपत्ती बरीच टाळता येते.

महाराष्ट्रात हा प्रश्न आज केवळ ग्रंथगत नाही. कोराडी, तिरोडा आणि सोलापूर येथील ६६० मेगावॉटचे संच अतिक्रांतिक दाबाचे आहेत. नंदुरबार जिल्ह्यात प्रकाशे येथे पोचणारी तापी त्याआधी ज्या भुसावळ परिसरातून येते, तेथील दीपनगरचा ६६० मेगावॉटचा संचही त्याच जातीचा. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात तर पंपावाचून, केवळ घनताभेदाने फिरणाऱ्या अतिक्रांतिक प्रवाहाचा अभ्यास झाला. विजयन, शर्मा व सहकाऱ्यांनी त्यासाठी आयताकार नलिकामार्गात प्रथम कार्बन डाय-ऑक्साइड वापरला. तापक व शीतक दोन्ही आडवे ठेवले असताच प्रवाहात आंदोलने दिसली. त्यांतला एक जरी उभा केला तरी प्रवाह स्थिर राहिला.