गाठीच्या जंतूचे कवच

घरात उंदीर पडू लागले की गाव सोडायचे, हे साताऱ्याकडच्या जुन्या माणसांना कुणी शिकवावे लागत नसे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी जो रोग ओळखला, तो पाहता पाहता घाट चढून सातारा जिल्ह्यात आला आणि शेजारच्या सांगली-मिरज संस्थानांतही शिरला. वर्तमानपत्रांत त्याचे नाव ग्रंथिक सन्निपात. लोक नुसते ‘गाठ आली’ म्हणत. रानात कुडाच्या झोपड्या उठल्या, घरांना कुलपे लागली. १९०१ ची खानेसुमारी झाली तेव्हा सातारा जिल्ह्याची वस्ती दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली. त्यात दुष्काळाचाही वाटा होता. पण गाठीचा थोडा नव्हता.

सातारा जिल्ह्यातल्याच नायगावची लेक, सावित्रीबाई फुले, पुण्यात रोग्यांची शुश्रूषा करता करता १० मार्च १८९७ रोजी याच रोगाने गेली. बरोबर दोन महिने आधी, १० जानेवारीला, मुंबईत हाफकिनसाहेबांनी आपली नवी लस प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली होती. मांसरसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे, त्यांच्या आधाराने जंतू खाली लोंबत वाढू द्यायचे, आणि मग तापवून मारायचे, अशी ती कृती. रशियातून आलेल्या या शास्त्रज्ञाला देवघरातले तूप प्रयोगशाळेत आणावेसे वाटले, याचे मला अजून कौतुक वाटते.

लसीने पुष्कळ जीव वाचले; परंतु टोचून घेतलेल्यांतही काही दगावतच. असे का व्हावे?

उत्तर जंतूच्या अंगावरच होते, पण ते दिसत नव्हते. १८९४ मध्ये हाँगकाँगला येर्सिनने हा जंतू शोधला तेव्हा दिसली ती दोन्ही टोकांना गडद रंगणारी एक आखूड काडी. साध्या सूक्ष्मदर्शकाला प्रकाशाचीच मर्यादा आहे. मिलिमीटरच्या पाच हजाराव्या भागाहून जवळच्या दोन वस्तू त्यात वेगळ्या दिसत नाहीत, आणि सबंध जंतूच मिलिमीटरच्या हजाराव्या-दोन हजाराव्या भागाएवढा. त्याच्या कातडीचे बारकावे दिसायचे कुठून?

म्हणून प्रथम ते तर्काने हाती आले. १९१४ मध्ये रोलंडला आढळले की, माणसाच्या अंगाच्या उष्णतेवर वाढवलेल्या जंतूंची लस अधिक गुणकारी ठरते. १९३२ मध्ये लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधील शुट्झे याने त्याचे कारण सांगितले: सदतीस अंशांवर जंतू अंगावर एक आवरण चढवतो, थंडाव्यात चढवत नाही. पिसवेच्या पोटात तो उघडा असतो. माणसाच्या रक्तात उतरला की ऊब लागते, कवच तयार होते, आणि मग रक्तातल्या पांढऱ्या पेशींना तो सहज गिळता येत नाही. मुंबईच्या हाफकिन इन्स्टिट्यूटचे पहिले भारतीय संचालक साहिबसिंग सोखे यांनीही लस सुधारण्याचे काम पुढे नेले.

बर्लिनला नॉल आणि रुस्का यांनी १९३१ मध्ये प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनचा झोत वापरणारा सूक्ष्मदर्शक उभा केला. आपल्याकडे कलकत्त्यास नीरजनाथ दासगुप्त यांनी त्याच शतकाच्या पाचव्या दशकात तसे यंत्र घडवले. आता तरी कवच दिसावे ना? पण नवीच अडचण निघाली. इलेक्ट्रॉनच्या नळीत हवा चालत नाही, म्हणून जंतू आधी वाळवावा लागतो. आणि हे कवच बहुतेक पाण्याचेच! वाळले की चिपाडासारखे अंगाला चिकटून बसते. पुढे युक्ती निघाली. कवचाला ओळखून धरणारी प्रतिद्रव्ये आधी त्यावर बसवायची. त्यांच्या आधाराने ते फुललेलेच राहते, आणि त्यांना सोन्याचे सूक्ष्म कण जोडले तर नेमके कुठवर पसरले आहे तेही काळ्या ठिपक्यांनी उमटते. क्ष-किरणांनी २००३ मध्ये त्याची जडणघडण उलगडली: एकसारखी प्रथिने साखळीसारखी एकमेकांत अडकून झालेले बारीक धागे, आणि त्या धाग्यांचा गुंता म्हणजे हे कवच.

रानातल्या झोपड्यांत राहणाऱ्यांना यातले काहीच ठाऊक नव्हते. उंदरांच्या पिसवांपासून ते दूर गेले होते, एवढेच.