देव निघून गेल्यावर ग्रंथ कसा जन्मतो? लीळाचरित्र आणि आपली संशोधनपद्धती

संशोधनाची तयारी करणारे विद्यार्थी मला एक प्रश्न हमखास विचारतात. “भक्तांनी लिहिलेलं चरित्र इतिहासाचं साधन म्हणून वापरता येतं का? त्यात तर सगळी श्रद्धाच असते!” मी मूळची विज्ञान शाखेची, एम.एस्सी. करून इकडे वळलेली. त्यामुळे ही शंका मला चांगलीच ओळखीची आहे. प्रयोगशाळेत आपण आधी विचारतो की नोंद कोणी घेतली, कधी घेतली, आणि दुसऱ्या कोणी ती तपासली का. आज हेच प्रश्न आपण एका जुन्या मराठी ग्रंथाला विचारून बघू. तो ग्रंथ म्हणजे महानुभाव पंथाचा ‘लीळाचरित्र’.

आधी थोडी पार्श्वभूमी

तेरावं शतक, देवगिरीच्या यादवांचा काळ. भडोचच्या राजघराण्याच्या प्रधानाचे पुत्र चक्रधर महाराष्ट्रात आले, रिद्धपूरला (आजचा अमरावती जिल्हा) गोविंदप्रभूंना भेटले, आणि पुढे गोदावरीच्या खोऱ्यात गावोगाव हिंडत राहिले. अनुयायी त्यांना थोर संत मानत नव्हते, साक्षात परमेश्वराचा अवतार मानत होते. पंथाच्या तत्त्वज्ञानात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर असे चार नित्य पदार्थ आहेत. देवता कितीही मोठी असली तरी मोक्ष देणारा एकटा परमेश्वरच.

आता याचा अर्थ नीट लक्षात घ्या. मोक्ष देणारा परमेश्वर देवळातल्या मूर्तीत नसून आपल्यासमोर बसला आहे. तो जेवतो, झोपतो, थट्टा करतो, चुकलं तर रागावतो. या सहवासाला पंथात ‘सन्निधान’ म्हणतात. सन्निधानात ग्रंथाची गरज नसते. शंका आली की विचारायचं, उत्तर मिळतं. महदाइसा ही शिष्या तर इतके प्रश्न विचारायची की लीळाचरित्रातला बराच उपदेश तिच्या प्रश्नांमुळेच आपल्यापर्यंत आला आहे.

आणि मग देव निघून जातो

१२७४ च्या सुमारास (काही अभ्यासक १२७२ धरतात) चक्रधर शिष्यांना सोडून गेले. पंथ या घटनेला मृत्यू म्हणत नाही. पंथाचा शब्द आहे ‘उत्तरापंथे गमन’, म्हणजे ते उत्तरेकडे निघून गेले. इथे संशोधकाने घाई करू नये. त्या शब्दाच्या जागी सरळ ‘निधन’ लिहून टाकलं की एक मोठा पुरावाच पुसला जातो. देव संपलेला नाही, तो फक्त इथे नाही, ही समजूत त्या शब्दात आहे. पुढचं सगळं याच समजुतीवर उभं राहिलं.

या काळाला पंथाने नाव दिलं ‘असन्निधान’. प्रमुख शिष्य नागदेवाचार्य आणि इतर मंडळी रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या सेवेत राहिली. १२८७ च्या सुमारास तेही गेले, आणि मग विचारायला कोणीच उरलं नाही. शं. गो. तुळपुळे आणि ॲन फेल्डहाउस यांनी ‘स्मृतिस्थळ’ या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद १९९२ मध्ये प्रसिद्ध केला. नागदेवाचार्यांच्या काळातल्या आठवणींच्या त्या ग्रंथाला त्यांनी शीर्षक दिलं ‘इन द ॲब्सेन्स ऑफ गॉड’. अगदी नेमकं शीर्षक आहे.

देव समोर नसताना करायचं काय? पंथाचं उत्तर होतं स्मरण. नाम, लीळा, मूर्ती, चेष्टा आठवत राहायच्या. आणि ज्यांचा देवाशी संबंध आला त्यांच्या जवळ राहायचं. ते चार आहेत: स्थान (तो जिथे राहिला, बसला ती जागा), प्रसाद (त्याचा स्पर्श झालेली वस्तू), भिक्षुक (संन्यासी) आणि वासनिक (गृहस्थ अनुयायी). म्हणूनच या पंथात ‘स्थानपोथी’ नावाचा ग्रंथ आहे. चक्रधर कुठल्या गावी, कुठल्या देवळात, कुठल्या दिशेला थांबले होते, याची ती नोंदवहीच आहे. यादवकाळातल्या गावांचा अभ्यास करणाऱ्याला याहून चांगलं साधन शोधावं लागेल!

म्हाइंभटांनी काय केलं?

स्मरण करायचं तर आठवण बिनचूक हवी. नेमका इथेच लीळाचरित्राचा जन्म होतो. म्हाइंभट हे सराळ्याचे विद्वान. नागदेवाचार्यांकडून लीळा ऐकून त्यांनी त्या लिहायला घेतल्या. पण एवढ्यावर ते थांबले नाहीत. एखादी घटना घडली तेव्हा प्रत्यक्ष हजर असलेल्या माणसांकडे जाऊन त्यांनी खात्री करून घेतली. १२७८ च्या सुमारास रिद्धपूरच्या वाजेश्वरीत हे काम सुरू झालं असं मानलं जातं. हा मराठीतला पहिला गद्य चरित्रग्रंथ.

जरा विचार करा, इतकी काटेकोर तपासणी कशासाठी? आपण समजतो की श्रद्धा आली की अचूकपणा जातो. इथे उलटं दिसतं. स्मरण हेच मोक्षाचं साधन असेल, तर चुकीचं स्मरण म्हणजे नुसती तपशिलातली गफलत राहत नाही, ते साधकाचं थेट नुकसान ठरतं. म्हणजे अचूकपणाची ओढ श्रद्धेतूनच आली होती.

पुढे केसोबासांनी लीळाचरित्रातली चक्रधरांची वचनं वेगळी काढून ‘सूत्रपाठ’ तयार केला. पण वचन प्रसंगातून बाहेर काढलं की अर्थ हरवू लागतो. मग कुठलं सूत्र कोणत्या प्रसंगी उच्चारलं गेलं हे सांगणारा ‘प्रकरणवश’ रचला गेला. आकडे वेगळे काढले आणि प्रयोगाची परिस्थिती नोंदवायची राहिली तर काय होतं, हे विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना वेगळं सांगायला नको.

भाषेचा प्रश्नही याच धाग्यातला. केसोबास संस्कृतात लिहू लागले तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना अडवलं, असा प्रसंग स्मृतिस्थळात आहे. कारण काय, तर त्यामुळे पंथातल्या साध्या म्हाताऱ्या बायका वंचित राहतील. सन्निधानात त्या बायका देवाशी मराठीत बोलल्या होत्या. ग्रंथ संस्कृतात गेला असता तर त्यांच्यासाठी देव दुसऱ्यांदा निघून गेला असता.

ग्रंथही हरवतो तेव्हा

परंपरा सांगते की पुढे एका धाडीत लीळाचरित्राची मूळ प्रत गेली आणि मग शिष्यांनी आपापल्या आठवणीतून तो ग्रंथ पुन्हा उभा केला. म्हणून आज त्याचे अनेक पाठ आहेत. पोथ्यांमध्ये निराळी आठवण कित्येकदा पुसून न टाकता अमक्याची ‘वासना’ म्हणून शेजारीच नोंदलेली असते. ह. ना. नेने, तुळपुळे, वि. भि. कोलते (त्यांची आवृत्ती १९७८ ची) अशा संपादकांना या पाठांशी झगडावं लागलं. तुम्ही लीळाचरित्रातून उतारा देणार असाल तर कोणाची आवृत्ती वापरली हे लिहाच.

हे फक्त महानुभावांपुरतं आहे का?

नाही. भागवत पुराण बघा. कृष्ण निजधामाला गेल्यावर कलियुगात दृष्टी हरवलेल्यांसाठी हे पुराण सूर्यासारखं उगवलं, असं पहिल्या स्कंधातच सांगितलं आहे. अकराव्या स्कंधात कृष्ण जाण्याआधी उद्धवाला उपदेश करतो. त्याच स्कंधावर पैठणच्या एकनाथांनी मराठी टीका लिहिली आणि ती १५७३ मध्ये काशीत पूर्ण केली. देवाचं जाणं आणि ग्रंथाचं येणं ही जोडी तिथेही आहे. फरक असा की भागवतातला देव फार जुन्या काळात गेला होता, तर म्हाइंभटांना तो गेल्यावर काही वर्षांतच, साक्षीदार हयात असताना लिहायचं होतं.

मग साधन म्हणून कसं वापरायचं?

कुठलाही भक्तिग्रंथ हाती घेतला की मी तीन प्रश्न वहीत लिहिते. पहिला, या प्रसंगी कोण हजर होतं आणि ते ग्रंथ स्वतः सांगतो का? दुसरा, ही आठवण जपण्याची गरज कोणाला आणि का होती? तिसरा, निराळ्या आठवणींचं काय केलं, ठेवल्या की गाळल्या? चमत्कार घडला की नाही हा प्रश्न यात नाही. त्याचं उत्तर आपल्या साधनांतून मिळणार नाही. पण चमत्कार कोणी पाहिला असं सांगितलं जातं, आणि तो कोणत्या गावात, कोणासमोर घडला म्हणतात, हे मिळतं. यादवकाळातली जेवणं, बाजार, जातिभेद, बायकांचं बोलणं हे सगळं याच वाटेने आपल्या हाती येतं.

म्हाइंभटांना इतिहास लिहायचा नव्हता. गेलेल्या देवाजवळ राहायची एक वाट त्यांना हवी होती. त्यासाठी त्यांनी पायपीट केली, माणसं गाठली, ऐकलेलं ताडून पाहिलं. आपला हेतू वेगळा असेल, पण पायपीट तीच आहे. प्रस्ताव लिहायला बसण्याआधी लीळाचरित्राची दहा-वीस पानं तरी वाचा. सुरुवातीला भाषा अडेल. नेटाने वाचत राहा, हळूहळू ती माणसं बोलू लागतील.