गावचा रेडिओ आणि त्याची बॅटरी

आज पुष्कळ शाळांतून संगणकाची खोली असते. तिथे एक मुख्य संगणक असतो, त्याला सर्व्हर म्हणतात. तो बंद पडला की बाकीचे संगणक असून नसल्यासारखे. अशा वेळी बिघाड नेहमी त्याच्या डोक्यातच असतो असं नाही. कधी कधी तो असतो त्याला वीज पुरवणाऱ्या पत्र्याच्या डब्यात, म्हणजे पॉवर सप्लायमध्ये. आपण म्हणाल, नवा डबा आणून बसवला की झालं. पण थांबा. हा धडा आपल्या वडीलधाऱ्यांनी एकदा गिरवलेला आहे.

१९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याचे दोन जिल्हे झाले, उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा. १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळाले. मधल्या काळात, १९५३ साली, पुण्याला आकाशवाणीचे केंद्र निघाले. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या महिन्यांत युनेस्कोच्या साहाय्याने एक प्रयोग झाला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतल्या सुमारे १५० गावांत श्रोतृमंडळे निघाली. आठवड्यातून दोनदा, अर्धा अर्धा तास, असे वीस कार्यक्रम झाले. मंडळींनी ऐकायचे, आपसात चर्चा करायची आणि आपले प्रश्न केंद्राला कळवायचे. टाटा समाजविज्ञान संस्थेने पाहणी केली, तेव्हा असे दिसले की जिथे मंडळ होते तिथल्या लोकांच्या माहितीत चांगलीच भर पडली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत तेवढी पडली नाही.

पण हे सारे कशाच्या जोरावर? त्या काळी बहुतेक खेड्यांत वीज नव्हती. गावचा रेडिओ बॅटरीवर चाले. बॅटरी संपली की चावडी मुकी! बाजारभाव नाही, हवामान नाही, मंडळाची बैठकही नाही. नवी बॅटरी आणायची तर पैसे कोणी द्यायचे, तालुक्याला कोणी जायचे, हा प्रश्न असे. असे कितीतरी सार्वजनिक संच केवळ बॅटरीवाचून फळीवर बसून राहिले.

आणि बॅटरी आणली तरी काम संपत नसे. कोरड्या बॅटरीवर चालणाऱ्या त्या संचातल्या व्हॉल्व्हला दोन तऱ्हेचा दाब लागे. आतली तार तापवायला सुमारे दीड व्होल्ट आणि दुसऱ्या बाजूला नव्वद व्होल्टांच्या आसपास. जोडणी उलटसुलट झाली, नव्वदाचा दाब दीडाच्या तारेवर गेला, की सगळे व्हॉल्व्ह एका दमात जळत. बॅटरीपरी बॅटरी जाई आणि संचही जाई. शिवाय स्वस्त मिळाली म्हणून आणून ठेवलेली बॅटरी न वापरताही पडल्या पडल्या उतरत असे.

पुढे दिवस पालटले. पाटण तालुक्यात कोयनेवर धरण झाले आणि १९६२ साली पोफळीच्या भूमिगत वीजघरातून वीज निघू लागली. १९६३ च्या ऑक्टोबरात सांगलीला आकाशवाणी केंद्र सुरू झाले. ट्रान्झिस्टर आला, तो टॉर्चच्या सेलवर चाले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला, शंभराहून अधिक माणसे गेली, वीजनिर्मितीही थांबली. मोठ्या पुरवठ्याचाही भरवसा धरू नये, हे त्या दिवशी साऱ्यांना कळले.

आता आपल्या सर्व्हरकडे या. भिंतीतल्या २३० व्होल्टांतून तो डबा १२, ५ आणि ३.३ व्होल्ट काढून देतो. नवा घेताना जुन्यावरची चिठ्ठी वाचा: किती वॅट, कोणता आकार, कोणती जोडणी. आणि मुख्य गोष्ट अशी की, काही डब्यांच्या तारा सुट्या निघतात. जुन्या डब्याची तार नव्या डब्यात बेमालूम बसते, पण आतल्या पिनांचा क्रम निराळा असू शकतो. बारा व्होल्ट पाचाच्या जागी गेले की डिस्क जळते आणि मुलांच्या गुणांच्या नोंदी तिच्याबरोबर जातात. तेव्हा नव्या डब्याबरोबर आलेल्याच तारा वापरा. आधी नोंदींची दुसरी प्रत काढून ठेवा, मग संगणक बंद करून भिंतीतली पिन काढा आणि मगच हात घाला. तो डबा मात्र उघडू नका. वीज काढल्यावरही आत काही वेळ दाब साठलेला असतो.

गुरुजी, शाळा समितीला एवढे सांगा: यंत्र विकत घेतले त्याच दिवशी पुढच्या डब्यासाठी थोडी रक्कम बाजूला ठेवा. चावडीवरचा रेडिओ मुका झाला तो रेडिओ वाईट होता म्हणून नव्हे. त्याच्या बॅटरीची तजवीज कोणी करून ठेवली नव्हती, म्हणून.