वीस गोळ्या, दोन सेकंद



आमच्या चारकोपच्या घरात कॉम्प्युटरच्या वरच्या फळीवर एक स्पिटफायर उभं आहे. प्लास्टिकचं, १/७२ स्केलचं, एका पंखावर फेविक्विकचा डाग पडलेलं. शेजारी हरिकेन, त्याच्या शेजारी अर्धवट रंगवलेलं मस्टँग. त्या फळीवरची धूळ फक्त मीच पुसायची असा घरात नियम आहे. बायको त्या फळीला 'विमानतळ' म्हणते आणि नवीन खोका घरी आला की "आता हे कुठे लँड करणार?" असं विचारते.

आजार जुना आहे. शाळेची सहल वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरला गेली होती. बाकीची पोरं वेड्यावाकड्या आरशांसमोर नाचत होती आणि मी आवारात ठेवलेल्या 'मारुत' विमानापाशी तोंड उघडं टाकून उभा. हिंदुस्तान एरोनॉटिक्सचं ते लढाऊ जेट. पुढे वाचनात आलं की त्याचा आराखडा करणारा कुर्ट टँक म्हणजे दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचं फॉकवुल्फ १९० बनवणारा तोच माणूस! झालं. त्या धाग्याने मी महायुद्धात जो शिरलो तो अजून बाहेर आलेलो नाही.

विमानांवरून गाडी बंदुकांवर आली. (खऱ्या नाही हो. पुस्तकं, चित्रं आणि रात्री दोनपर्यंत चालणारे कॉम्प्युटर गेम्स.) त्यातही सगळ्यात लाडकी टॉमीगन. आपण धंद्याने इंजिनियर, त्यामुळे तिच्यात जीव अडकण्यासारखं खूप होतं. अमेरिकेच्या जनरल जॉन थॉम्पसन यांना पहिल्या महायुद्धातले खंदक झाडून काढायला ही बंदूक हवी होती. नमुने तयार होईपर्यंत १९१८ साल उजाडलं आणि युद्धच संपलं. डेडलाईन हुकलेला प्रोजेक्ट! १९२१ साली बाजारात आली तेव्हा किंमत सुमारे २०० डॉलर. एवढ्या महागड्या बंदुकीला फारसं गिऱ्हाईक मिळेना. नाव झालं ते शिकागोच्या गुंडांमुळे.

तिच्या पोटात 'ब्लिश लॉक' नावाचा ब्राँझचा एक तुकडा असे. जबर दाबाखाली दोन वेगळे धातू एकमेकांना घट्ट धरतात, अशी त्यामागची थिअरी. दुसऱ्या महायुद्धात उत्पादन स्वस्त करायचं म्हणून १९४२ च्या मॉडेलमधून तो तुकडा काढूनच टाकला, तरी बंदूक मस्त चालली. मॉड्यूल डिलीट केलं आणि बिल्ड तरीही पास! ऑफिसात ही गोष्ट मी किमान दहा जणांना ऐकवली असेल.

तर असा मी टॉमीगनचा जाणकार, एका वर्षी गणपतीला गावी निघालो होतो. पहाटे चारला चारकोप सोडलं आणि सकाळी माणगावात अडकलो. मुंबई-गोवा हायवेवरच्या माणगावचं ट्रॅफिक ज्याने भोगलंय त्याला जास्त सांगायला नको. वेळ जावा म्हणून मी मुलाला ब्लिश लॉकची कथा सुरू केली. मागच्या सीटवरून बाबा म्हणाले, "अरे, एवढं टॉमीगन टॉमीगन करतोस, त्या टॉमीगनवाल्याचा पुतळा इथे तहसील कचेरीत आहे. बघितलायस कधी?"

"कोणाचा?"

"यशवंत घाडग्यांचा. व्हिक्टोरिया क्रॉस."

मला नाव माहीत नव्हतं. त्या गावावरून मी लहानपणापासून दरवर्षी जातोय. ब्लिश लॉक कुठल्या धातूचा ते पाठ, आणि हे नाव कानावरूनही गेलेलं नाही. मी गप्प बसलो. गाड्या हलल्या, आम्हीही पुढे गेलो. परत आल्यावर मात्र बसून वाचून काढलं.

नाईक यशवंत घाडगे, माणगाव तालुक्यातले, पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री, तिसरी बटालियन. १० जुलै १९४४, इटलीतल्या टायबर नदीचं वरचं खोरं. त्यांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. घाडगे सोडून सेक्शनमधला प्रत्येक जण ठार किंवा जखमी. हा माणूस एकटाच मशीनगनवर धावून गेला. आधी हातबॉम्ब फेकला, त्यात मशीनगन आणि ती चालवणारा दोन्ही गारद झाले. मग टॉमीगनने तिथल्या आणखी एकाला उडवलं. दोघे उरले होते. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता. त्यांनी बंदूक नळीकडून धरली आणि दस्त्याने त्या दोघांना ठार मारलं. लगेचच लपलेल्या जर्मन नेमबाजांच्या गोळ्या लागून ते तिथेच पडले. वय २२.

'मॅगझिन बदलायला वेळ नव्हता' हे वाचून मी थांबलो, कारण हा हिशोब मला येत होता. टॉमीगन मिनिटाला सुमारे ७०० गोळ्या झाडते. मॅगझिन २० गोळ्यांचं, फार तर ३० चं. चाप दाबून धरला तर २० गोळ्या दोन सेकंदांच्या आत संपतात, ३० असल्या तर तीनच्या आत. रिकामं मॅगझिन काढायचं, पट्ट्यातून दुसरं ओढायचं, खाचेत सरकवायचं, याला सरावलेल्या हातालाही चार-पाच सेकंद लागणार. समोर दोन माणसं हातभर अंतरावर. हातात जवळजवळ पाच किलोचं लाकूड आणि लोखंड. त्या क्षणी थॉम्पसनसाहेबांचं सगळं इंजिनियरिंग संपलेलं होतं आणि शिल्लक होता तो एक दांडका.

मग दुसरं नाव सापडलं. शिपाई नामदेव जाधव, नगर जिल्ह्यातले, त्याच रेजिमेंटची पहिली बटालियन. ९ एप्रिल १९४५, इटलीतलीच सेनियो नदी. इथे तर माझी 'विमानतळ'वाली फळीसुद्धा हजर होती! त्या दिवशी आठशेहून जास्त अवजड बॉम्बर आले. मग तोफा आणि लढाऊ विमानं आळीपाळीने तुटून पडली. पायदळ नदीत उतरायच्या वेळी तर विमानांनी नुसतेच खोटे सूर मारले, जर्मनांनी डोकी खालीच ठेवावीत म्हणून. कागदावर याहून जास्त काय करता येईल?

आणि तरीही अलीकडच्याच बांधावर निदान तीन मशीनगनच्या चौक्या जिवंत होत्या. नदी ओलांडताना जाधव कंपनी कमांडरसोबत होते. कमांडर आणि दोन जवान जखमी, बाकीचे ठार, धड उरले एकटे जाधव. त्यांनी एका जखमीला खोल पाण्यातून, उभ्या चढावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी नेलं. परत येऊन दुसऱ्याला नेलं. तिसऱ्यांदा परत आले ते चौक्यांवर. पहिली टॉमीगनने गप्प केली, पण हाताला जखम झाली आणि चाप ओढता येईना. त्यांनी टॉमीगन फेकून दिली. उरलेल्या दोन चौक्या हातबॉम्बने संपवल्या, मधे बॉम्ब संपले तेव्हा सरपटत बांधाच्या माथ्यावर जाऊन सोबत्यांकडून आणखी घेतले. शेवटी तोफगोळे पडत असताना त्याच बांधावर उभे राहून त्यांनी मराठ्यांची युद्धघोषणा दिली आणि मागच्यांना हात करून पार बोलावलं.

व्हिक्टोरिया क्रॉस त्यांनाही मिळाला. ते परत आले आणि १९८४ पर्यंत जगले. घाडग्यांची कबर कुठे सापडत नाही. इटलीत कॅसिनोच्या स्मारकावर, ज्यांना कबर नाही अशा चार हजारांहून जास्त जणांच्या यादीत त्यांचं नाव कोरलेलं आहे.

दोन मराठी माणसं, दोघांच्या हातात माझी लाडकी बंदूक. आणि दोघांच्याही गोष्टीत ऐन वेळी ती बंदूक निकामी.

म्हणजे माझा छंद फुकट गेला का? मला तसं वाटत नाही. दोन सेकंदांचा हिशोब माहीत नसता तर 'वेळ नव्हता' हे शब्द मी इतर शौर्यकथांसारखे वाचून पुढे सरकलो असतो. आकड्यांमुळेच मला त्या जागेवर क्षणभर उभं राहता आलं. पण इतकी वर्षं मी आकड्यांपाशीच थांबत होतो, हेही खरं. दुसरी गोष्ट थोडी अवघड आहे. दस्त्याखाली मेलेल्या त्या दोघांची नावं पदकाच्या मानपत्रात नाहीत, आणि तीही कोणाची तरी पोरंच होती. खंदक 'झाडून काढायला' बनवलेल्या यंत्रावर मी प्रेम करतो, तर झाडलं जाणारं काय होतं हे मला ठाऊक असायला हवं. शौर्य त्याने कमी होत नाही. पण गेममध्ये रात्री दोन वाजता पोरं झाडताना आता पूर्वीसारखी मजा येत नाही, हे कबूल करतो.

असो. मागच्या रविवारी मुलाला ही सगळी गोष्ट सांगितली. त्याने लगेच विचारलं, "बाबा, मॅगझिन बदलायला किती वेळ लागतो?" (रक्तच ते!) म्हटलं, "पाच सेकंद." त्याने बोटांवर पाचपर्यंत मोजलं, हळूहळू. मग म्हणाला, "खूपच वेळ आहे हा."

यंदा गणपतीला माणगावात ट्रॅफिक असो वा नसो, गाडी बाजूला लावून तहसील कचेरीत जायचं ठरलंय. बाबाही उतरणार म्हणालेत.

भेटू पुढच्या शनिवारी.