दुसऱ्याचा घोडा

बुऱ्हाणपूरला गेलो होतो तो शाही किल्ला आणि कुंडी भंडारा पाहायला. उतरलो राजपुऱ्यात, एका जुन्या स्नेह्यांकडे. घर मराठी, चार यंत्रमागांचा धंदा. रात्री जेवणं आटोपल्यावर त्यांच्या मुलीने लॅपटॉप पुढे सरकवला. "काका, तुम्ही लिहिता ना? माझा बायोडाटा बघा जरा. इतक्या ठिकाणी ऑनलाईन अर्ज केले, एकाचंही उत्तर नाही."

बायोडाटा मैत्रिणीचा होता, नाव तेवढं हिचं. 'मेहनती, जबाबदार, संघभावना असलेली' वगैरे. वडिलांच्या मागांचा सुताचा आणि मजुरीचा हिशेब ही चार वर्षं संगणकावर ठेवते, याचा मात्र त्यात पत्ताच नाही!

मला हसू आलं. कारण दिवसभर मी जिथे हिंडलो ते एकेकाळी नोकरी मागणाऱ्यांचंच गाव होतं. मोगलांच्या दख्खनच्या कारभाराचं हे ठाणं. अब्दुर्रहीम खानखाना इथे असताना थेट इराणातून माणसं आश्रय शोधत येत. नहावंदचा अब्दुल बाकी १६१४ मध्ये आला आणि १६१६ मध्ये त्याने 'मआसिर-ए-रहीमी' हा ग्रंथ पुरा केला. त्यात खानखानाच्या चरित्राबरोबर त्याच्या पदरच्या विद्वानांची, कवींची, कलावंतांची, शिपायांची माहितीही आहे.

आपले शब्दच पाहा. अर्ज, शिफारस, हुद्दा, हजेरी, नोकर हे सगळे फारसी दफ्तरातून मराठीत आले. उमेदवार म्हणजे तर उमेद धरून बसलेला!

पण नुसत्या उमेदीवर भागत नसे. शिपाई नोकरीला लागला की त्याचा 'चेहरा' लिहीत. नाव, बापाचं नाव, जात, गाव, वय, रंग, भुवया, नाक, अंगावरचा व्रण. घोड्याला डाग देत. कारण उघड आहे. मनसबदार हजेरीच्या दिवशी भाड्याचे घोडे आणि बाजारातली माणसं उभी करून पगार उचलत. म्हणून अकबराने १५७४ च्या सुमारास डाग आणि चेहऱ्याची पद्धत कडक केली. व्रण लपवायचा नसे, लिहायचा असे. त्यावरूनच माणूस ओळखू येई.

आमच्या गोव्यात तरी काय वेगळं होतं? पोर्तुगीज फिदाल्ग इथली चाकरी संपवून राजाकडे बक्षिशी मागत, तेव्हा कुठल्या गलबतावर होतो, कुठल्या किल्ल्यावर होतो, याची सेर्तिदांवं जोडावी लागत. नुसतं 'शूर आहे' म्हणून कुणी ओळखत नसे.

मी तिला म्हटलं, "बाळा, हा दुसऱ्याचा घोडा आहे. तुझा चेहरा कुठे आहे?"

मग आम्ही बसलो. आज बहुतेक मोठ्या ठिकाणी अर्ज आधी संगणक चाळतो. म्हणून मांडणी साधी ठेवली. तक्ते, चित्रं, रंगीत चौकटी काढल्या. जाहिरातीतले शब्द घेतले, पण जे खरोखर येतं तेवढेच. पहिल्या ओळीत हिशेबाचं काम, किती वर्षं, किती माग, कुठलं सॉफ्टवेअर. मराठी, हिंदी आणि निमाडी बोलता येते हेही लिहिलं, कारण सूतवाले, मजूर आणि व्यापारी या तिघांशी तीच बोलते.

"पण काका, हे तर घरचंच काम. त्याला कोण विचारतो?"

दाराआड उभे असलेले तिचे वडील तेव्हा आत आले. "मजुरीच्या हिशेबात चार वर्षांत एकदाही भांडण झालं नाही," ते म्हणाले, "हे पण लिही."

तिने लिहिलं. तिचा व्रण सापडला होता.